दिघीचं इंजिन, सध्या मुद्देमाल

मी इंजिन बोलतोय. होडीच्या मागच्या फळीला लावतात, ते. सध्या पोलीस ठाण्याच्या आवारात बदामाच्या झाडाखाली पडलोय. शेजारी जप्त केलेल्या मोटारसायकली आहेत. माझ्या गळ्यात तारेने पुठ्ठा बांधलाय आणि त्यावर लाखेचा शिक्का मारलाय. मी चोरी केली नाही. कोणाला बुडवलं नाही. तरी शिक्का आहे.

मला लिहिता-वाचता येत नाही. जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच सांगतो. त्यातलं बरंच मला स्वतःला कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर बघा.

कुठल्या कारखान्यात झालो ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा समोर दिघीची खाडी होती आणि दत्तात्रेय कोळी होता. त्याच्या होडीला मी बरीच वर्षं होतो. पहाटेची भरती धरून आम्ही निघायचो. बोय, कोळंबी, नशीब असलं तर एखादा जिताडा. परत आलो की दत्तात्रेय मला गोड्या पाण्याने धुवायचा. आधी मला, मग स्वतःला. त्याच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही. बिघडलो तरी नाही.

मनाली त्याची मुलगी. एकुलती एक. रॉकेलचा डबा घेऊन ती धक्क्यावर यायची. माझी दोरी ओढायला तिला कोणी शिकवलं नाही, बघून शिकली. धक्क्यावरचे पुरुष हसायचे.

"दत्ता, पोरीला नाखवा करतंस काय रं?"

"करीन. आनि तुझ्या पोराला खलाशी ठेवीन तिच्याकडं."

मग तिचं लग्न ठरलं. नवरा कमलेश, खाडीच्या पलीकडचा, आगरदांड्याचा. लग्नाची बोलणी दत्तात्रेयाच्या घरात झाली. मी धक्क्याला होतो. हे नीट लक्षात ठेवा. पुढे सगळे याच बोलण्यांवरून भांडले, आणि मी तिथे नव्हतो.

लग्नानंतरची पहिली नारळी पुनव आली. आमच्याकडे त्या दिवशी जावयाला दर्याचा मान देतात. कोणी जाळं देतं, कोणी वल्ही देतं. त्या सकाळी दत्तात्रेयाने मला फळीवरून सोडवलं, तेलाच्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. का सोडवलं ते बोलला नाही. इंजिनाला कोण सांगतं? फेरीबोटीने मला पलीकडे नेलं. कमलेशचा बाप हरेश्वर नारळ घेऊन दारात उभा होता. नारळ देऊन त्याने मान घेतला. सगळे हसत होते. मासे तळल्याचा वास सुटला होता.

परत जाताना दत्तात्रेय फेरीबोटीचा कठडा धरून किनाऱ्याकडे बघत होता. त्याच्याकडे दुसरं इंजिन नव्हतं. त्या दिवसापासून तो वल्ह्यावर आला.

आता मुद्दा असा. मला मागितलं की मला दिलं? मनालीच्या फिर्यादीत आहे की बोलण्यांच्या वेळी तिच्या सासूने, केसरने, माझं नाव काढलं. हरेश्वर म्हणतो, नाव काढलं नव्हतं. "आमच्या पोराच्या होडीला इंजिन न्हाय" एवढंच ती बोलली होती. आता इंजिन नाही असं म्हणणं म्हणजे इंजिन मागणं का? मी यावर पुष्कळ विचार केला. दत्तात्रेयाने ते मागणं समजून दिलं, की लेकीची माया म्हणून दिलं, की दोन्ही? त्याचं त्यालाच माहीत. कदाचित त्यालाही नसेल.

पण पुढचं मी माझ्या कानाने ऐकलंय. त्यात गोंधळ नाही.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की मला कमलेशच्या घराच्या पडवीत ठेवायचे. केसर तिथेच मासळी निवडायला बसायची. सून आसपास दिसली की तिचं तोंड सुरू व्हायचं.

"दिघीवाल्यांनी इंजिन दिलाय का खोकला झालेला म्हातारा?"

"मामी, बाबांकडं एकच होतं ते."

"व्हय तर! त्यांना नकोसा झाला म्हनून आमच्या गळ्यात. त्या शेजारच्या पियूषच्या सासऱ्यानं बघ, नवा कोरा आनून दिला. आमच्या नशिबी भंगार आलाय. इंजिन पन आनि..."

पुढचं ती बोलायची नाही. मनालीकडे बघायची. हे एकदा नव्हे, रोज. भाकरी करपली तरी माझ्यावरून, मासळीला भाव आला नाही तरी माझ्यावरून. मला म्हातारा म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. मी आहेच. पण ती पोर आत जाऊन चुलीपाशी उगाच भांडी घासत बसायची, घासलेली.

कमलेश वाईट होता असं म्हणवत नाही. चांगला होता असंही नाही. आईसमोर गप्प, बायकोसमोर मोठा. "तुझ्या बाबांना सांग ना, नवीन घेऊ, थोडा हात त्यांनी लावावा," असं तो आधी लाडाने म्हणायचा. मग नुसतं म्हणायचा. मग ओरडून.

आणि मग तो चटका.

त्या दिवशी मनाली होडीत होती. खाडीच्या मध्यावर मी बंद पडलो. कमलेशने माझा वरचा टोप काढून ठेवला आणि दोरी ओढत बसला. मी सुरू होईना. मनाली म्हणाली, "सरा, मी बघते." तो म्हणाला, "तूच बघ, तुझ्या बापाचा हाय." ती माझ्याजवळ आली. त्याच वेळी एक मोठी बोट पाणी कापत गेली आणि लाट आली. त्याच वेळी कमलेशचा हातही उठला. मनालीचा तळहात आणि मनगट माझ्या तापलेल्या अंगावर आलं. कातडी चिकटली.

फिर्यादीत आहे, "पतीने इंजिनावर ढकलून चटका दिला." कमलेशचं म्हणणं आहे, "होडीला हेलकावा बसला, मी तिला धरायला गेलो." मी तिथे होतो. हात मी पाहिला, लाट मला जाणवली. आधी काय आलं ते मला सांगता येत नाही. एवढं मात्र सांगतो. ती किंचाळली तेव्हा कमलेशने आधी शिवी दिली, आणि पाणी मग दिलं.

दोन-चार दिवसांत मनाली माहेरी गेली. हाताला फडकं बांधलेलं होतं. महिनाभरात बातमी आली की गुन्हा दाखल झाला. नवरा, सासू, सासरा, तिघांवर. हुंड्यासाठी छळ.

पडवीत माणसांची गर्दी झाली. जो तो सल्ला देत होता. केसरने लुगडी पिशवीत भरली, मग काढली, मग पुन्हा भरली. कोणी म्हणे पळा, कोणी म्हणे सरपंचाकडे जा. शेवटी अलिबागहून किशोरी वकील आल्या. वयाने लहान, पण बाई खमकी. पडवीतच खुर्ची टाकून बसल्या, माझ्यापासून हातभर अंतरावर.

त्या म्हणाल्या, "हल्ली अशा गुन्ह्यात लगेच उचलत नाहीत, आधी नोटीस देतात. पण त्या भरवशावर राहायचं नाही. आपण अटकपूर्व जामीन मागू."

हरेश्वरने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, ज्याला धरलाच न्हाय, त्याला सोडनार कसा?"

मलाही हाच प्रश्न पडला होता.

"सोडत नाहीत, काका. पोलिसांनी धरलंच, तर तिथल्या तिथे सोडायचं, असा कोर्टाचा हुकूम आधी घेऊन ठेवायचा."

"म्हंजे पावसाच्या आधी घर शाकारतात, तसा?"

"तसंच समजा."

"आनि शाकारला म्हंजे घर आपला झाला?"

"नाही काका. घर कोणाचं, ते पुढे खटल्यात ठरेल. आत्ता फक्त भिजायचं नाही."

मग त्यांनी तिघांचं म्हणणं लिहून घेतलं. हरेश्वरच्या नावावर लिहिलं की सासू-सुनेत काय बोलणं होत होतं ते त्याला माहीत नाही, तो दिवसभर धंद्यावर असे. हरेश्वरने सही केली. अक्षर लावत, सावकाश केली.

अलिबागचं कोर्ट मी पाहिलेलं नाही. काय झालं ते कमलेशने येऊन पडवीत सांगितलं. पुढच्या तारखेपर्यंत अटक नको, असा हुकूम मिळाला होता. त्याला अटी होत्या. बोलावलं की ठाण्यात जायचं. मनालीशी किंवा तिच्या माणसांशी संपर्क ठेवायचा नाही. इंजिन आणि तिचे दागिने द्यायचे ते ठाण्यात, पंचांसमोर.

केसरला एवढंच ऐकू आलं की अटक नको. तिने मुरूडहून पेढे मागवले आणि आळीत वाटले. "कोर्टानं सांगितला, आमचा काय गुन्हा न्हाय!" लोकांनी पेढे खाल्ले. किशोरी वकिलांना कळलं तेव्हा फोनवर अशा ओरडल्या की पडवीत मला ऐकू आलं.

"काकू, पेढे कसले वाटता? खटला अजून सुरूही झाला नाही!"

"मंग सुटलो ना आमी?"

"सुटला नाहीत! नुसतं पकडलं नाही!"

केसर फोनकडे बघत राहिली. मला तिचं नवल वाटलं नाही. फरक मलाही नीट कळत नव्हता.

हरेश्वरने पेढा खाल्ला नाही. त्याला तुरुंगाचं भय होतं, पण दुसऱ्या एका गोष्टीचं त्याहून जास्त होतं. बाजारात कोणीतरी त्याला "हुंडेवाले" म्हटलं होतं. तो पडवीत येऊन माझ्यासमोर बसला आणि बडबडत राहिला. "आपल्यात हुंडा न्हाय. माझ्या आजानं पोरीच्या बापाला देज दिलाय, घेतला न्हाय. आनि मी हुंडेवाला?"

कमलेश म्हणाला, "आबा, इंजिन ठान्यात नेऊन देऊ. वकीलबाईंनी तसाच सांगितलाय."

"व्याह्याचा मान परत करायला पोलीस कशाला? व्याह्यानं दारात येऊन दिला. दारात नेऊन देनार."

"अट हाय आबा, तिकडं जायचा न्हाय."

"भांडायला जायचा न्हाय. मी भांडायला चाललो न्हाय."

कमलेश बाहेर गेल्यावर हरेश्वरने मला धुतलं. तेलाच्या फडक्याने पुसलं. हळदकुंकू लावलं. माळ मिळाली नाही, म्हणून जास्वंदीचं फूल माझ्या टोपाला खोचलं. धुतलेला सदरा घातला, एक नारळ घेतला आणि मला घेऊन फेरीबोटीत चढला. खाडी ओलांडताना ताठ बसला होता. लग्नाला निघालेल्या माणसासारखा.

दत्तात्रेय अंगणात जाळं वाळत घालत होता. आम्हाला बघून त्याच्या हातातलं जाळं खाली पडलं.

"व्याही, हा काय?"

"तुमचा मान. परत घ्या. आमच्या घरावर डाग नको." हरेश्वरने नारळ पुढे केला.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्याकडे नारळ देऊन मान परत केला की सोयरीक मोडली असं धरतात. हरेश्वरला हे माहीत नव्हतं असं नाही. रागात विसरला असेल. किंवा विसरला नसेल. मला सांगता येत नाही.

दत्तात्रेयाचा आवाज फाटला. "म्हंजे पोर टाकलीत माझी?"

"टाकली कोनी? तुमीच ठेवून घेतलीत! केस केलीत!"

"हात भाजून आली ती! ठेवून घेऊ नको तर काय करू?"

शेजारी जमले. कोणीतरी मोबाइल काढला. मनाली दारात आली. पूर्वीपेक्षा बारीक झाली होती. मनगटावर गुलाबी चट्टा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"मामा, इंजिन परत आनलंत. मामीचं बोलनं परत आनलंत का?"

हरेश्वर माझ्या टोपावरच्या जास्वंदीकडे बघू लागला.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. तुमी घरातच असायचात. तुमी ऐकत होतात का न्हाय, एवढा सांगा."

हरेश्वरचा नारळ धरलेला हात तसाच वर होता. त्याने नारळ माझ्याशेजारी मातीत ठेवला आणि धक्क्याकडे चालू लागला. मी बऱ्याच दिवसांनी दिघीच्या मातीवर होतो. पण घरी आल्यासारखं वाटलं नाही. मला कोणी उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. पंचनामा झाला, पुठ्ठा बांधला, शिक्का मारला आणि मला पलीकडे ठाण्यात आणलं. ते मोबाइलमधलं चित्र त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. चित्रात आवाज नीट नव्हता म्हणे. दत्तात्रेय समोर उभा आणि हरेश्वरचा नारळ घेतलेला हात उगारलेला, एवढंच दिसत होतं. सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितलं की आरोपीने अट मोडली, फिर्यादीच्या घरी जाऊन दमदाटी केली, जामीन देऊ नये. हरेश्वरलाच नव्हे, तिघांनाही. म्हाताऱ्याच्या एका नारळापायी घरातली तिन्ही माणसं आत जायची वेळ आली.

पुढचं मी हवालदार रितेश यांच्या बाकाजवळ पडून ऐकलं. हरेश्वरनेच त्यांना सांगितलं, नंतर हजेरीला आला तेव्हा.

कोर्टात मनाली आली होती. न्यायाधीशांनी तिला विचारलं, सासऱ्यांनी धमकी दिली का? सगळे तिच्याकडे बघत होते. ती एक शब्द 'हो' म्हणाली असती तर पुरलं असतं. ती म्हणाली, "धमकी दिली न्हाय. नारळ दिला. मी एक प्रश्न विचारला, त्याचा उत्तर न देता गेले."

तिघांचा जामीन कायम झाला. हरेश्वरला न्यायाधीश बोलले. पुन्हा तिकडे पाऊल टाकलंत तर जामीन रद्द होईल. दर रविवारी ठाण्यात हजेरी. फिर्यादीशी एक शब्द बोलायचा नाही.

"साहेब," हरेश्वर रितेशना म्हणाला, "जिनं केस घातली तिनंच वाचवला. हा कसला न्याय मना कळंना."

"कळायचंय काय त्यात? खरं होतं ते बोलली ती," रितेश म्हणाले आणि वहीत सही घेतली.

हरेश्वर उठला नाही. बाकावर बसून राहिला.

असे काही रविवार गेले. गेल्या रविवारी तो हजेरीला आला आणि त्याच वेळी फाटकातून दत्तात्रेय आणि मनाली आत आले. त्यांना माझी ओळख पटवायला बोलावलं होतं. रितेश खुर्चीतून अर्धे उठले.

"काका, बोलायचं नाही हां. अट आहे."

"बोलत न्हाय."

तो बाकावरून उठला, बदामाच्या झाडाखाली आला आणि त्या दोघांकडे पाठ करून माझ्याजवळ उकिडवा बसला. टोपावर हात ठेवला. आणि मोठ्याने माझ्याशी बोलायला लागला. इंजिनाशी बोलू नये अशी अट नव्हती.

"इंजिना, ऐक. केसर बोलायची. रोज बोलायची. मी ऐकत व्हतो. माझं कान शाबूत हायत. तिला गप म्हननं माझं काम व्हता. मी मासळी मोजत बसायचो. कागदावर लिवलाय मना काय म्हाईत न्हाय. त्या कागदावर माझी सही हाय."

रितेश पेनाचं टोपण घालत होते, ते तसंच हातात राहिलं.

मनालीही आमच्याकडे वळली नाही. ती बापाशी बोलली, पण तिनेही आवाज मुद्दाम चढवला.

"बाबा, इंजिनाला कोन साक्षीला बोलावनार? ज्याला तोंड हाय त्यानं कोर्टात बोलावा."

तिने कुठेतरी सही केली. दत्तात्रेयाने जाता जाता माझ्या पंख्यावरचा पाला झटकला. मग दोघं फेरीबोटीसाठी गेली.

हरेश्वर परत बाकावर गेला. रितेशना विचारलं, "साहेब, कोर्टात मी बायकोच्या विरुद्ध खरा सांगितला, तर माझा जामीन जातो का? तिचा जातो का? पोराचा?"

"ते वकीलबाईंना विचारा."

"त्यांना विचारला तर त्या सांगू नको म्हननार."

रितेश वही मिटून आत गेले. सांगितलं तर बायको अडकेल, कदाचित पोरगाही. नाही सांगितलं तर ती पोर एकटी खोटी ठरेल, आणि तिने तर याच्यासाठी खरं सांगितलं. घरचं माणूस वाचवणं बरोबर, हे मला कळतं. खरं बोलणं बरोबर, हेही कळतं. दोन्ही एकाच तोंडाने कसं करायचं ते मला माहीत नाही. मी खाडी पाहिली, दर्या पाहिला, असं पाणी पाहिलं नाही.

आता माझं काय? अंगावर गंज चढतोय. आतलं रॉकेल सुकून गेलं. खटला संपेपर्यंत मी इथेच, आणि खटला कधी संपेल ते रितेशनाही माहीत नाही. पुढे मला दिघीला नेतील, आगरदांड्याला नेतील की भंगारात घालतील, ठाऊक नाही. मी तक्रार करत नाही. तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही.

एकच मागणं आहे. कोर्टात साक्षीच्या दिवशी हरेश्वर उभा राहिला तर तिथे तुमच्यापैकी कोणी असेल. वकील असाल, कारकून असाल, नुसते बघे असाल. म्हातारा चटकन बोलणार नाही. घसा खाकरेल, थांबेल, परत थांबेल. त्याला घाई करू नका आणि खाली बसवू नका. जुनी यंत्रं पहिल्या दोरीला सुरू होत नाहीत. दोन-चारदा ओढावं लागतं.